वेडसर महिलेची बातमी

सातवीत होते. मायची तेरवी झाली, दुसऱ्या दिवशी शाळेत गेले, आणि परिपाठात बातम्या वाचायची पाळी नेमकी माझी होती.

आमच्या शाळेत प्रार्थना, प्रतिज्ञा आणि सुविचार झाला की सातवीतलं एक पोर पुढे यायचं आणि पेपरातल्या तीन-चार बातम्या वाचायचं. पेपर आदल्या दिवशीचा असायचा. गुरुजींनी लाल पेनानं खुणा केलेल्या असायच्या, तेवढंच वाचायचं. माझा आवाज खणखणीत होता. माय म्हणायची, तू वाचतेस ते वावरापर्यंत ऐकू येते. त्यामुळे मला ती पाळी आवडायची.

त्या दिवशी व्हरांड्यात खुर्ची टाकून बापू बसले होते. बापू म्हणजे गावातल्या सगळ्यात मोठ्या जमीनदाराचे, भाऊसाहेबांचे, धाकटे भाऊ. शाळा समितीवर होते. गावात पेपर तेच आणायचे आणि पेपरात गावच्या बातम्याही तेच पाठवायचे. तेव्हा रीतच तशी होती, पुष्कळ ठिकाणी अजूनही आहे. जो पेपरची एजन्सी घेतो आणि पुढाऱ्यांच्या वाढदिवसाच्या जाहिराती गोळा करून देतो तोच वार्ताहर. लिहिता येतं की नाही हे मागाहून बघायचं. बातमी पाकिटात घालून एसटीनं जायची आणि आठवड्या-दोन आठवड्यांनी छापून यायची. छापून आली की बापू स्वतः पेपर घेऊन शाळेत यायचे. गावाचं नाव पेपरात आलं म्हणून.

मी हात पुढे केला तेव्हा गुरुजी थबकले. पेपर त्यांनी मागे घेतला. बापूंकडे बघून म्हणाले, हिला आज राहू द्या, दुसरी पोरगी वाचेल.

बापू म्हणाले, "पाळी कोणाची आहे? तिचीच ना? मंग वाचू द्या. बातमी आहे, खोटी थोडीच आहे."

गुरुजींनी पेपर दिला. बदली होऊन नुकतेच आले होते. मान खाली घालून बाजूला झाले. मला तेव्हा काहीच कळलं नाही. मी वाचायला लागले, नेहमीच्याच आवाजात.

वेडसर महिलेचा विहिरीत पडून मृत्यू. वार्ताहराकडून. मग आमच्या गावाचं नाव. येथील सुभद्रा नामक वेडसर महिलेचा.

सुभद्रा माझी माय.

थांबले. समोर सगळी शाळा बसलेली, पहिलीपासूनची. बापू म्हणाले, "वाच पुढं." मी वाचलं. का वाचलं ते आजही सांगता येत नाही. मोठ्या माणसानं वाच म्हटलं की वाचायचं, एवढंच अंगात होतं. सदर महिला गेल्या काही दिवसांपासून वेडाच्या भरात शेतशिवारात भटकत होती, असे समजते. एवढीच बातमी होती. मागच्या रांगेतून कोणीतरी हसलं. मग दोन-तीन जण हसले. मी पेपरची घडी केली, गुरुजींना दिली आणि जाग्यावर जाऊन बसले. बापू उठून गुरुजींच्या पाठीवर हात ठेवून गेले.

त्या दिवसापासून मला गावात नाव राहिलं नाही. वेडसरची पोरगी. नळावर, गिरणीत, शाळेच्या वाटेवर. पोरं मागून ओरडायची आणि मी वळून बघितलं की म्हणायची, पाहा, वळली, म्हणजे हिलाही माहीत आहे.

आता माय कशी होती ते सांगते, कारण ते कुठेच छापलेलं नाही.

बा भाऊसाहेबांकडे सालदार गडी होता आणि माय त्यांच्याच वावरात रोजानं जायची. आमचं घर गावाच्या खालच्या अंगाला, आमच्या वस्तीत. भाऊसाहेबांच्या विहिरीचं पाणी आमच्या बायांनी प्यायचं नाही, घागर लावायची नाही. पण कपाशीची फवारणी आली की त्याच विहिरीतून त्याच बायांनी पाणी शेंदून ड्रम भरायचे. लाइट नसली की मोटार बंद, आणि लाइट नसायचीच. तेव्हा आमचा हात विहिरीला चालायचा. पोहऱ्याला चालायचा, दोराला चालायचा. ओठांना तेवढा चालत नव्हता.

विहिरीला कठडा नव्हता. काठावर एक फळी आडवी टाकलेली होती, तिच्यावर उभं राहून पोहरा ओढायचा. पावसाळ्यात ती शेवाळायची. एका बाजूनं कुजली होती आणि पाय ठेवला की हलायची. मायनं हे मालकाला सांगितलं होतं. माझ्यासमोर सांगितलं होतं, कारण मी त्या दिवशी बाची भाकर घेऊन गेले होते. भाऊसाहेब बैलांकडे बघत होते. तिच्याकडे न बघता म्हणाले, "तुह्याच्यानं होत नसंल तर दुसरी बाई पाहतो." माय पुन्हा पोहऱ्याकडे वळली. पण घरी आल्यावर तिनं बाला जुन्या दोराचा तुकडा मागितला. फळी बांधून घेईन म्हणाली.

ज्या बाईला वेड लागलं होतं ती दोर मागत होती.

ती पडली तेव्हा पोळा नुकताच झालेला. तिच्या सोबत गयामावशी होती, आमच्या शेजारची. तिनं डोळ्यांनी पाहिलं. भरलेला पोहरा वर आला, मायनं तो काठावर घ्यायला एक पाय पुढे टाकला, फळी मोडली आणि ती गेली. मावशी ओरडत वावरभर पळाली. माणसं आली तेव्हा विहीर शांत झाली होती. फळीचा अर्धा तुकडा पाण्यावर तरंगत होता, मावशी म्हणायची. तो तुकडा संध्याकाळपर्यंत कोणीतरी काढून टाकला. दुसऱ्या दिवशी पोलीस आले तेव्हा विहिरीवर फळी नव्हतीच. आणि मावशीला सांगण्यात आलं की तुला काही दिसलेलं नाही. तिचा नवराही तिथेच कामाला होता. ती गप्प बसली. तिचा मला राग नाही.

शब्द मात्र राहिला. मारणाऱ्याचा हात धरता येतो, बोलणाऱ्याचं तोंड धरता येत नाही, असं म्हणतात. छापणाऱ्याचं तर काहीच धरता येत नाही. बोललेलं माणूस विसरतं. छापलेलं किराणा दुकानात पुडी बांधून पुन्हा घरी येतं. आमच्या घरी तसं आलं नाही, पण मी वर्षानुवर्षं प्रत्येक पुडी उलटून बघायचे.

मला मागणं आलं होतं, जानेफळकडचं. माणसं बरी होती. चहा झाला, बोलणं झालं. मग मुलाच्या चुलत्यानं बाला बाजूला घेऊन विचारलं, तुमच्या घरात वेड आहे म्हणतात, पोरीच्या मायला होतं, पेपरात आलं होतं. बा उठून चहाचे कप गोळा करायला लागला. ते लोक निघून गेले आणि पुन्हा आले नाहीत. मग कोणी यायचं म्हटलं तर मीच नको म्हणायला लागले.

खरं सांगायचं तर मीही भ्यायले होते. एकटी बसून स्वतःशी बोलताना सापडले की अंगावर काटा यायचा. दूध उतू गेलं, किल्ली हरवली, तरी वाटायचं, आलं का हे? मायच्या वयाची झाले तेव्हा वर्षभर नीट झोपले नाही. ज्या मायनं माझ्या वाचण्याचं कौतुक केलं, तिच्यावरच मी आतल्या आत संशय घेत होते. पेपरात आलं म्हणजे काहीतरी असेल, असं वाटायचं. छापील अक्षराची आम्हाला फार भीती. आमच्या कैक पिढ्यांनी त्याच्याखाली फक्त अंगठे दिले.

शिकले कशी ते सांगत बसत नाही. मामाकडे राहून बारावी केली, टायपिंग केलं. आज मी बुलडाण्याला एका वर्तमानपत्राच्या जिल्हा कार्यालयात ऑपरेटर आहे. बातम्या टाइप करते, पानं लावते. तेच वर्तमानपत्र. हो, तेच. काम मिळत होतं ते घेतलं. आणि मनात एक खोड होती की, जिथं ते छापलं गेलं ते ठिकाण बघावं.

आमच्या पेपराला बरीच वर्षं झाली म्हणून विशेष पुरवणी काढायचं ठरलं. साहेबांनी, म्हणजे आमच्या कार्यालयाच्या प्रमुखांनी, जुन्या फाइली काढल्या. जाड पुठ्ठ्याच्या, सुतळीनं शिवलेल्या. पानं इतकी वाळलेली की उलटताना कडा तुटायची. एकेक पान मोबाइलवर घ्यायचं आणि त्यात कशाच्या बातम्या आहेत ते थोडक्यात टाइप करायचं. काम मला दिलं, कारण माझा हात चालतो आणि मी कुरकुरत नाही.

मला वाटलं होतं मायची बातमी सापडेल आणि मी रडेन. सापडली तेव्हा रडले नाही. त्याच्या आधी एवढ्या जणी सापडल्या होत्या की रडणं पुढे सरकतच राहिलं.

मोताळ्याकडची एक, विहिरीत. वेडसर. मेहकरकडची एक, स्टोव्हच्या भडक्यात. वेडसर. मलकापूरच्या पुढे रुळावर एक, अंदाजे चाळीस वर्षांची, वेडसर असावी. असावी! मेलेली बाई कोणी ओळखत नाही, पण तिचं डोकं कसं होतं ते वार्ताहराला ओळखू येतं. एका बातमीत एक बाई तहसीलसमोर पोरगं घेऊन बसली होती. उठा म्हटलं तर उठेना. मथळा होता, वेडसर महिलेचा तहसीलसमोर गोंधळ. काय मागत होती ते बातमीत कुठेच नव्हतं. दोनदा वाचली, तीनदा वाचली. नव्हतं. एक बाई सरपंचाच्या दारात जाऊन शिव्या देत होती, तीही वेडसर. सरपंचानं काय केलं होतं, कोण जाणे.

मग माझा एक नादच झाला. शब्द दिसला की मी पुढे बघायचे, कोणी डॉक्टरनं सांगितलं होतं का? एकाही बातमीत डॉक्टर नव्हता. असे समजते, असे सांगण्यात येते, अशी चर्चा आहे. चर्चा करणारे कोण? ज्यांची विहीर तेच. काही जणी खरंच आजारी असतील, नाही म्हणत नाही. त्यांच्याही विहिरींना कठडा नव्हताच.

आणि त्याच पानांवर मोठ्या घरची माणसंही मरत होती. एक तर रात्री पार्टीहून येताना स्वतःच्या विहिरीत पडले होते, गाव सगळं जाणून होतं. बातमी काय? मनमिळाऊ, उमद्या स्वभावाचे प्रगतिशील शेतकरी. त्यांच्या पश्चात पत्नी, दोन मुले, एक मुलगी, नातवंडे असा मोठा आप्तपरिवार आहे. वाचलं आणि पहिल्यांदा लक्षात आलं. वेडसर बाईच्या पश्चात कधीच कोणी नसतं. मायच्या बातमीतही नव्हतं. मी तिच्या मागे होते, बा होता, पण छापणाऱ्यांच्या हिशेबी ती बिनापोराची, बिनानवऱ्याची, आभाळातून पडलेली बाई होती. तेव्हा मला रडू आलं. टेबलावर डोकं ठेवून रडले. शिपाई पाणी घेऊन आला. डोळ्यांत धूळ गेली म्हणाले. फाइलींची धूळ असतेच.

शनिवारी गावी गेले. बा आता थकलाय. ओसरीत खाट टाकून असतो. मोबाइलवर बातमीचा फोटो होता, तो मोठा करून त्याच्यासमोर धरला. त्याला वाचता येत नाही. मी वाचून दाखवली, शाळेत वाचली होती तशी पूर्ण. मग विचारलं, ही वेडी होती का?

बा मोबाइलकडेच बघत राहिला. मला वाटलं ऐकू आलं नसेल. मग हळूच म्हणाला, "नव्हती वं. मीच हो म्हणलो."

मला समजेना. मग त्यानं सांगितलं. मायला वर काढून काठावर ठेवलं होतं. पोलीस पाटील, बापू आणि भाऊसाहेब आंब्याखाली बोलत होते. पोलीस पाटील त्यांच्याच भावकीतला. त्यांनी बाला बोलावलं. म्हणाले, कामावर मेली असं लिहिलं तर चौकशी लागेल, मुडदा बुलडाण्याला नेतील, चिरतील. डोकं फिरलं होतं असं लिहिलं तर सरळ घरी नेता येईल. आमच्यात चिरलेल्या बाईची कोणी ओटी भरत नाही. सवाष्ण गेली तर तिला हिरवं लुगडं नेसवून, मळवट भरून, ओटी भरून न्यायची. चिरलेली असली की कापडात बांधलेलीच न्यावी लागते, तोंडसुद्धा नीट दिसत नाही. बाला तेवढंच दिसत होतं.

"तिले चिरू नये म्हून म्या अंगठा देल्ला," बा म्हणाला. "वेडसर तं वेडसर. लिहा म्हणलं. मेल्यावर कोणाले काय लागते?"

"मग?"

"मंग काय. नेलीच. चिरलीच."

त्यानं तोंड भिंतीकडे फिरवलं. इतकी वर्षं तो माझ्याशी मायबद्दल कधी बोलला नव्हता, आणि मला वाटायचं त्याला तिची आठवण येत नाही. मी त्याच्या खाटेजवळ खाली बसले. त्याचा अंगठा हातात घेतला. त्या अंगठ्याचा मला राग यायला पाहिजे होता. नाही आला. ज्यांनी बायकोचा मुडदा समोर ठेवून एका माणसाशी सौदा केला आणि सौदाही पाळला नाही, त्यांचा आला. आजही उतरलेला नाही.

सोमवारी कार्यालयात गेले तर बापू बसले होते.

पुरवणीत जुन्या वार्ताहरांच्या आठवणी छापायच्या होत्या. बापूंचा पहिला नंबर. पांढरं धोतर, पांढरा सदरा, कानाला यंत्र. सगळे येऊन पाया पडत होते. साहेबांनी मला बोलावलं. म्हणाले, बापू सांगतील तसं टाइप करत जा, मथळा आपण देऊ, निर्भीड लेखणीची चाळीस वर्षे.

मी बसले. बापूंनी सांगायला सुरुवात केली. पावसात सायकलीवरून पाकीट कसं पोहोचवलं, मंत्री आले तेव्हा पहिला प्रश्न कसा विचारला. मी टाइप करत होते. मध्येच त्यांनी विचारलं, गाव कोणतं? मी सांगितलं. माणूस खुलला.

"अरे वा, आपल्याच गावची. कोणाची वं तू?"

"सुभद्राची."

त्यांना आठवेना. मी म्हणाले, तुमच्या विहिरीत पडली ती. मग आठवलं. मान हलवली आणि म्हणाले, हाव हाव, बिचारी. बिचारी हा शब्द त्यांनी पानाला चुना लावावा इतक्या सहज लावला.

मी विचारलं, "वेडसर काऊन लिहिलं, बापू?"

ते चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. समजूत घालावी तसे बोलले. "लिहायची रीतच होती, बाई. बाई विहिरीत सापडली म्हणजे लोकं दोनच गोष्टी समजतात. एक तं भानगड, नाही तं वेड. भानगड लिहिली असती तं तुह्या मायची अब्रू गेली असती. म्या वेड लिहिलं. उपकारच केला."

"फळी कुजली होती. तिनं सांगितलं होतं भाऊसाहेबांना."

"आता ते बातमीत कुठं बसते?" बापू म्हणाले.

माझे हात कीबोर्डवर होते. ते उचलून मी मांडीवर ठेवले. साहेबांच्या केबिनमध्ये गेले. मी कधी काही मागितलेलं नव्हतं, पगारवाढसुद्धा नाही. म्हणाले, पुरवणीत एक ओळ छापा. दुरुस्ती म्हणून. सुभद्रा वेडसर नव्हती, कामावर असताना विहिरीची फळी तुटून तिचा मृत्यू झाला. एवढीच ओळ, कोपऱ्यात, बारीक अक्षरात. कालच्या बातमीत आमदारांचं आडनाव चुकलं तर आपण चौकट टाकून दिलगिरी छापतो, मला माहीत आहे, मीच लावते.

साहेबांनी आधी ऐकून घेतलं. मग म्हणाले, इतक्या जुन्या बातमीची कोणी दुरुस्ती करत नाही. पुरावा काय? आणि बापूंच्या घरून पुरवणीला अख्ख्या पानाची जाहिरात आहे, हे तुलाही माहीत आहे. मी म्हणाले, मग बापूंच्या आठवणी मी टाइप करणार नाही. निर्भीड हा शब्द माझ्या हातानं त्यांच्या नावापुढे लागणार नाही.

साहेबांनी चष्मा काढला. माझ्याकडे बघत राहिले. आवाज अगदी मऊ केला. "तुझी तब्येत बरी आहे ना? दोन-तीन दिवस बघतोय, एकटीच बडबडत असतेस. रडत होतीस म्हणे. डोक्यावर ताण आलाय तुझ्या. सुट्टी घे. एखाद्या डॉक्टरला दाखव."

मी उभीच होते. पायांखालची फरशी थंड लागत होती, तेवढं आठवतं. सगळं आयुष्य ज्या शब्दाची वाट बघत मी घाबरून राहिले होते तो शब्द आला होता. आणि तो कुठून येतो ते मला दिसलं. तो आईकडून पोरीकडे येत नाही. रक्तातून येत नाही. ज्या बाईच्या बोलण्याला उत्तर नसतं तिच्या अंगावर तो बाहेरून टाकतात, शालीसारखा, अगदी काळजीनं. तहसीलसमोरच्या बाईवर असाच टाकला असेल. मायवरही.

इतक्या वर्षांची भीती तिथेच गेली. परत आली नाही.

मी म्हणाले, "साहेब, मी बरी आहे. म्हणूनच विचारून राहिले." आणि बाहेर आले. बापूंच्या आठवणी दुसऱ्या कोणीतरी टाइप केल्या. पुरवणी निघाली. रंगीत, गुळगुळीत. बापूंचा हार घातलेला फोटो. मला नोकरीवरून काढलं नाही, फक्त जुन्या फाइली काढून घेतल्या.

मग मी चिखलीला गेले, फ्लेक्स छापणाऱ्याकडे. आमच्याकडे माणूस मेलं की चौकात फ्लेक्स लागतो. भावपूर्ण श्रद्धांजली, मोठा फोटो, खाली आप्तपरिवाराची नावं. पुढाऱ्याचा कुत्रा मेला तरी लागेल, अशी स्थिती आहे. छापणाऱ्यानं फोटो मागितला. मायचा फोटो नाही. एकही नाही. तो म्हणाला, समईचं चित्र टाकू, कमळ टाकू. मी म्हणाले, नको, नाव मोठं करा. मजकूर मी लिहून नेला होता. हिचं नाव सुभद्रा. ही वेडी नव्हती. विहिरीला कठडा नव्हता. फळी कुजकी होती, हिनं मालकाला सांगितलं होतं. मागे नवरा आहे, मुलगी आहे.

छापणारा वाचून थांबला. म्हणाला, ताई, भांडण होईल. मी म्हणाले, छापा.

पोळ्यानंतर मायचा दिवस आला तेव्हा आमच्या घराच्या भिंतीवर, रस्त्याकडच्या अंगाला, तो लावला. आमची भिंत आहे, ग्रामपंचायतीची परवानगी लागत नाही. बाला वाचून दाखवला. तो म्हणाला, मालक काय म्हणतीन? मग बराच वेळ फ्लेक्सकडे बघत उभा राहिला. अक्षरं येत नाहीत त्याला. नाव कुठलं तेवढं विचारलं. मी बोट ठेवलं. त्यानं तिथे हात फिरवला.

एसटी थांबली की लोक खिडकीतून वाचायचे. काही बाया उतरून जवळ येऊन वाचून गेल्या. गयामावशी काठी टेकत आली, कोणीतरी तिला वाचून दाखवलं, आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "हाव, मोडली फळी. म्या पाह्यलं." इतक्या वर्षांनी. वस्तीतल्या सगळ्यांनी ऐकलं.

फ्लेक्स दोन दिवस राहिला. तिसऱ्या दिवशी मावशीचा फोन आला की रात्रीतून फाडला. नाव होतं तिथूनच फाडला. लगोलग पोलीस पाटलाचाही फोन आला. आताचा पोलीस पाटील म्हणजे तेव्हाच्याचा मुलगा. काऊन मेलेल्या माणसाले उकरून राह्यली, गावाची बदनामी होते, म्हणाला. तुझ्या डोक्याचं पाहा, हेही म्हणाला. मी ऐकून घेतलं आणि सांगितलं की पुढचं जे बोलायचं ते माझ्या घरी येऊन, वस्तीसमोर बोला. तो आला नाही.

कार्यालयात आता मी एक करते. मनोरुग्ण महिलेचा मृत्यू अशी बातमी आली की, आता शब्द बदललाय, पाठवणाऱ्याला फोन लावते. कोणत्या डॉक्टरनं सांगितलं? नाव सांगा. सांगता आलं नाही तर शब्द काढते, बाईच्या घरचा नंबर शोधते आणि तिच्या मागे कोण आहे ते विचारून लिहिते. साहेबांना मी हे तोंडावर सांगितलंय. बाकीच्यांनी माझ्याशी बोलणं कमी केलंय. साहेबांना म्हणाले, मला कामावरून काढायचं तर काढा, पण डॉक्टरच्या नावाशिवाय तो शब्द मी टाइप करणार नाही.

फ्लेक्स पुन्हा छापला आहे. या वेळी वेल्डिंगवाल्याकडे लोखंडी चौकट करायला टाकली आहे. बाला सांगितलं तर तो खाटेवरून उठला आणि पहार शोधायला लागला. येत्या रविवारी आम्ही दोघं रस्त्याच्या कडेला, आमच्याच जागेत, खड्डे खोदणार आहोत. सिमेंट घालून चौकट उभी करणार आहोत. भर दिवसा.